आधी मीटर लावलास का?

रात्री सव्वाअकराला फोन करून तू विचारलंस, "मॅडम, कुठल्या कंपनीची हार्ड डिस्क घेऊ?" मी "सकाळी बोलू" म्हणून फोन ठेवला. झोपमोड झालेल्या माणसाने कुणाला शिकवायला बसू नये, तोंडातून नको ते निघतं. आता चहा झालाय, चष्मा सापडलाय. लिहूनच पाठवतेय, कारण फोनवर तू "हो मॅडम, हो मॅडम" करतोस आणि ऐकत काही नाहीस.

पहिल्या पावसात तासाभरात पाच वेळा वीज गेली-आली. पाचव्या वेळी तुझा तो लाडका सर्व्हर उठला, पण चारपैकी दोन डिस्क लाल दिवा दाखवून बसल्या. आईचे शेवटच्या दिवाळीतले फोटो, तिच्या आवाजातली आरती, वडिलांनी जन्मभर जमवलेले जमिनीचे कागद, सगळं त्याच चार डिस्कांवर. दुसरीकडे कुठेही नाही. तुझ्या आईच्या हातच्या चकल्या मी खाल्ल्यात रे. म्हणूनच तर अंगाची लाही होतेय.

आणि एवढं झाल्यावर तुझा पहिला प्रश्न काय, तर कुठल्या कंपनीची घेऊ!

तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला झेनर डायोडचा प्रयोग होता, आठवतं? मी तुझ्या टेबलापाशी आले तेव्हा तुझं निरीक्षण कोष्टक भरलेलं होतं. दहा वाचनं, सुंदर अक्षरात, आलेखही काढून झालेला. फक्त पॉवर सप्लायचा दिवा लागलेला नव्हता. वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी जर्नलमधून उतरवलं होतंस. मी विचारलं, "मीटर लावलास का?" तर म्हणालास, "मॅडम, उत्तर तेच येतं." त्या दिवशी तुला बाहेर उभं केलं होतं. वीस वर्षं झाली त्याला. पगार वाढला, पोट वाढलं, हिंजवडीत टीम लीड झालास, पण खोड तीच. दुसऱ्याने लिहिलेलं वाचन आपल्या कोष्टकात उतरवायचं आणि मीटर लावायचा नाही.

फेब्रुवारीत वास्तुशांतीला बोलावलंस. प्रसादाचं ताट हातात पडायच्या आधी मला ओढत आतल्या खोलीत नेलंस आणि पलंगाखालून ते धूड दाखवलंस. रॅकमध्ये बसवायचा सर्व्हर, लाकडी फळीवर आडवा. दोन प्रोसेसर, १२८ जीबी रॅम, चार डिस्क, आणि आवाज असा की कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बरी. तुझी बायको दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, हा रात्रीपण असाच असतो." तू हसलास. "डेटा सेंटरमधून निघालाय मॅडम, एंटरप्राइज ग्रेड! बत्तीस हजारांत पडला."

एंटरप्राइज ग्रेड! हा शब्द उच्चारताना तुझा चेहरा असा झाला होता, जसा एखाद्याने घराण्याचं नाव सांगावं. अरे, तो डबा ज्या जागेसाठी बनला तिथे बाराही महिने थंड हवेचा झोत असतो, दोन वेगवेगळ्या वाटांनी वीज येते, खाली जनरेटर असतो, आणि एक डिस्क मेली की पंधरा मिनिटांत नवी घेऊन येणारा माणूस असतो. तुझ्या पलंगाखाली यातलं काय होतं? लग्नाच्या पंक्तीचं पातेलं स्वस्तात मिळालं म्हणून तू घरी आणलंस आणि रोज त्यात दोन कप चहा करतोयस.

त्या दिवशी मी पर्समधून प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर काढला, तेव्हा तुझे साडू हसले. हसू देत. सर्व्हर काहीही करत नव्हता, नुसता जागा होता, आणि काटा १४० वॅटवर. आता पाटीवर मांड. वर्षाचे तास ८७६०. १४० वॅट म्हणजे दिवसाला ३.३६ युनिट, महिन्याला शंभर, वर्षाला १२२६. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. तुझ्या घराचा वापर आधी २२० होता. म्हणजे ही वाढीव शंभर युनिटं खालच्या पायरीवर बसत नाहीत, वरच्या दोन पायऱ्यांवर चढतात. सोप्या हिशेबाला युनिटचे दहा रुपये धर. बारा हजारांच्या वर गेले ना वर्षाला? बत्तीस हजारांचा सर्व्हर तीन वर्षांत आपल्याच किमतीची वीज पिणार. शिवाय १४० वॅट म्हणजे साठ वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब आणि वर थोडं, पलंगाखाली अहोरात्र जळत ठेवलेले. मे महिन्यात खोलीत उकडतं म्हणून तू एसीचं तापमान खाली आणलंस, त्याची वीज मी धरलेलीच नाही.

ऑफिसात तू हेच करतोस का? तिथे नवी यंत्रणा मागायची तर काम किती, भार किती, वाढ किती, हे तक्त्यात भरल्याशिवाय तुझा साहेब सही करत नाही. घरी मात्र तो तक्ता तू भरला नाहीस, कारण तुला सर्व्हरची गरज नव्हती, सर्व्हरची हौस होती. हौसेला माझी ना नाही. पण हौस हौसेच्या खात्यात लिहायची असते. आईचे फोटो हौसेच्या गळ्यात बांधायचे नसतात.

काम काय होतं ते मीच सांगते, कारण त्या दिवशी मी विचारलं आणि तुला सांगता आलं नाही. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजने फुकट अमर्याद जागा बंद केली, तेव्हापासून तुझ्या डोक्यात घरच्या सर्व्हरचा किडा वळवळतोय. कल्पना वाईट नाही. आपले फोटो आपल्या घरात, मला पटतं. मग मी तुला मशीनवरच मोजायला लावलं. फोटो आणि चित्रफिती ६४० जीबी. सातबारा, फेरफार, खरेदीखतं, सगळे स्कॅन मिळून ३ जीबी. बाकी साडेपाच टीबी काय, तर सिनेमे. ते उद्या जळून गेले तर कुणी सुतक पाळणार नाही. तुझा जीव सातशे जीबीत मावतो, आणि त्यासाठी तू बारा टीबीचा वाडा बांधलास. रॅम १२८ जीबी, वापरात सहा.

गंमत पुढेच आहे. घरच्या सर्व्हरला खरं जड काम एकच पडतं, मोबाइलवर सिनेमा बघताना त्याचं रूपांतर करून पाठवणं. त्या एका कामात तुझा महाकाय सर्व्हर धापा टाकत होता, पंखे किंचाळत होते आणि मुलीच्या टॅबवर चित्र अडकत होतं. का? कारण तसल्या सर्व्हरच्या प्रोसेसरात चित्राचा भागच नसतो, सगळं रूपांतर गाभ्यांना घाम गाळून करावं लागतं. उलट इंटेलच्या साध्या ऑफिस प्रोसेसरात २०११ पासून क्विक सिंक नावाचा वेगळा तुकडा आहे. सातव्या पिढीपासून तो दहा बिटांचा एच.२६५ सुद्धा सहज उलगडतो. जे काम तुझ्या सर्व्हरचे दोन झिऑन प्रोसेसर करू शकले नाहीत ते ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टच्या टेबलावरचा डबा न बोलता करतो. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तुझा पगारच संगणकावर चालतो.

"आधी मी रास्पबेरी पाय घेऊन पाहिला होता मॅडम, तो टिकला नाही." हे वाक्यही त्या दिवशी ऐकलं. त्याच्या कपाळी खापर फोडायच्या आधी सांग, त्याला वीज कुठून देत होतास? मोबाइलचा जुना चार्जर आणि एक मीटरची बारीक केबल. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकत होती, ती तुला शोभेची वाटली? ४.६३ व्होल्टच्या खाली दाब गेला की ती खूण येते. ती त्याची बोंब असते, "मला पोटाला कमी पडतंय" अशी. वर त्याच्या मेमरी कार्डावर चोवीस तास नोंदी लिहीत बसलास. कार्ड ते, कॅमेऱ्यात अधूनमधून फोटो ठेवायला केलेलं. पाटी-पेन्सिलसारखं घासलंस तर झिजणारच. पाय चांगला होता. तू त्याला उपाशी मारलास.

आता तू विचारशील, मग घ्यायचं काय. विचारण्याआधी घराचा माळा बघ. तुझ्या बायकोचा जुना लॅपटॉप तिथे पडलाय, मी स्वतः पाहिला. सुरुवातीला त्याच्याहून स्वस्त काही नाही. एक पथ्य मात्र पाळ. चोवीस तास चार्जरवर तापत राहिली की बॅटरी फुगते, टचपॅड वर उचलला जातो. चार्जिंगची मर्यादा साठ-ऐंशी टक्क्यांवर बांधता येत असेल तर बांध, नाहीतर बॅटरी काढून ठेव.

आणि नवं-जुनं काही घ्यायचंच असेल तर ऑफिसांतून निघालेले छोटे डबे बघ. लेनोव्हो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी. एक लिटर आकारमान, मसाल्याच्या डब्याहून फार मोठा नाही. आठव्या पिढीचा आय-५ ८५००टी असेल तर सहा गाभे आणि ३५ वॅटची मर्यादा. तो 'टी' बघून घ्यायचा. नुसता जागा असताना असा डबा दहा-पंधरा वॅट खातो. बारा धर, वर्षाला १०५ युनिटं. तुझ्या १२२६ शेजारी लिही आणि दोन आकड्यांकडे पाच मिनिटं बघत बस. २०२३ मध्ये आलेल्या एन१०० प्रोसेसरचे नवे डबेही आहेत, वीज कमी खातात, कामही करतात. पण त्यातल्या अनेकांच्या डब्यावरचं नाव पुढच्या वर्षी बाजारात सापडत नाही. मला जुना ऑफिसवाला बरा वाटतो. त्याचा पंखा, अडॅप्टर, बायोसची नवी आवृत्ती पाच वर्षांनीही मिळते.

महिन्यापूर्वी भाचीसाठी असाच एक घ्यायला मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदम कंडिशनमध्ये आहे." असेल बाबा. मी माझा पेन ड्राइव्ह काढला, त्यावरून लिनक्स चालू केलं आणि स्मार्टसीटीएलची आज्ञा दिली. आतल्या एसएसडीचे चालू तास ४१,३१२. चार वर्षं साडेआठ महिने अखंड जागी. दुसऱ्या नगाच्या बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड तसाच, म्हणजे आत काही बदलता येणार नाही. तिसरा एक डेल होता, त्याला स्थानिक अडॅप्टर जोडलेला. डेलच्या पिनेच्या मधोमध एक बारीक सळई असते, अडॅप्टरची ओळख तिच्यातून पटते. ओळख पटली नाही तर यंत्र सुरू होतं खरं, पण प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालतो, आणि घरी येऊन माणूस महिनाभर लिनक्सला शिव्या घालतो. चौथा नग घेतला. मूळ अडॅप्टर, बायोस उघडा, रॅमच्या दोन्ही पट्ट्या सारख्या. आतली डिस्क मी दुकानातच काढून ठेवायला सांगितली, नवी घातली. घरी आणून रात्रभर रॅमची तपासणी लावली आणि मगच भाचीच्या हाती दिला. दुकानदाराला पाऊण तास लागला, वैतागला, पण चहा पाजला त्याने.

तू तुझा सर्व्हर घेताना किती वेळ उभा होतास? "कुरिअरने आला मॅडम." छान.

आता डिस्क. तुझा आवडता विषय. कुठल्या कंपनीची? बॅकब्लेझ नावाची साठवणूक कंपनी आपल्या तीन लाखांहून अधिक डिस्कांचा हिशेब दर तिमाहीला उघड छापते. सगळ्या मिळून वर्षाला शंभरात एक-दोन मरतात. एखादं मॉडेल वाईट निघतं, पण ते कळेपर्यंत बाजारातून गेलेलं असतं. म्हणजे कुठल्याही कंपनीची घे, तुझी डिस्क कधीतरी मरणार हे धरूनच घ्यायची. आणि मरण्याआधी ती कळवेल या भरवशावरही राहू नकोस. गुगलने २००७ साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार महत्त्वाच्या सूचनांपैकी एकही दिली नव्हती. पण ज्या कळवतात त्यांचं तरी ऐकावं की नाही? तुझ्या तिसऱ्या डिस्कवर बदललेल्या सेक्टरांचा आकडा मी फेब्रुवारीत तुला दाखवला होता. २४. म्हणालास, "चोवीसच आहेत." तुझा पगार चोवीस रुपयांनी कापला असता तर असं म्हणाला असतास?

शिवाय चारांतल्या दोन डिस्क तू 'स्वस्तात मिळाल्या' म्हणून घेतल्यास, त्या कुठल्या जातीच्या हे पाहिलं नाहीस. मंगलोरी कौलांचं छप्पर आठव. प्रत्येक कौल खालच्यावर थोडं चढवलेलं असतं. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त बसतं. पण मधलं एक बदलायचं तर त्यावरची ओळ उचलावी लागते. एसएमआर डिस्क अशीच लिहिते. एकदा लिहून ठेवायला ठीक, पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून सगळं पुन्हा भरायला घेतलं की कौलं उचलता-उचलता तिचा श्वास जातो, तासांच्या कामाला दिवस लागतात आणि कंट्रोलर तिला मेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या, म्हणजे खास घरगुती साठवणुकीसाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्क अशाच निघाल्या आणि तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने यादी दिली आणि कौलं न चढवता लिहिणाऱ्यांना, म्हणजे सीएमआरवाल्यांना, 'रेड प्लस' असं वेगळं नाव लावलं. (हा रेड म्हणजे लाल. तुझ्या चार डिस्कांच्या रेडशी त्याचा संबंध नाही, परीक्षेत गोंधळ घालू नकोस.) तेव्हा नाव वाचायचं नाही, मॉडेल क्रमांक वाचायचा, आणि त्याच्यासमोर सीएमआर लिहिलंय का ते कंपनीच्या कागदात शोधायचं. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यायचा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालून भारतात वॉरंटी आहे का बघायचं. मीटर मागे फिरवलेली गाडी मिळते तशी तास पुसलेली डिस्कही मिळते.

आता तुझं ब्रह्मास्त्र, रेड ५. "एक डिस्क गेली तरी चालतं मॅडम." हो, एक. १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा लेख लिहिला तेव्हा त्यातला 'आय' होता 'इनएक्स्पेन्सिव्ह', स्वस्तातला. स्वस्त डिस्क एकत्र बांधून काम चालू ठेवायची ती युक्ती. काम चालू ठेवायची, प्रती ठेवायची नाही. चार टीबीच्या चारांतली एक गेली की उरलेल्या तिन्ही पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी. साध्या डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं, १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एखादं वाचन चुकू शकतं. भाग आठने, साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क कागदाहून बऱ्या वागतात, पण हा भागाकार तू एकदा तरी केला होतास? आणि समज चारही डिस्क ठणठणीत असत्या आणि मुलीने चुकून 'आई' नावाचा फोल्डर पुसला असता, तर तुझ्या रेडने तो चारही डिस्कांवरून इमानेइतबारे पुसला असता.

पण खरी चीड मला याची नाही. डिस्क काय, मरतात. त्या दिवशी मी केसला हात लावला आणि मुंग्या आल्या. तू म्हणालास, "थोडं चावतं ते मॅडम, सवय झालीय."

सवय झालीय! माझ्या हाताखालून दोन वर्षं शिकून गेलेला मुलगा हे म्हणतो? पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून केसकडे जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती गुपचूप जमिनीत जाते. नसेल तर केस निम्म्या दाबावर तरंगते, एकशेपंधराच्या आत-बाहेर व्होल्टवर. प्रवाह नगण्य, म्हणून नुसत्या मुंग्या. पण ज्या दिवशी आतलं इन्सुलेशन फुटेल त्या दिवशी केसवर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि पलंगाखाली चेंडू काढायला कोण जातं रे तुझ्या घरी? मी तुझ्यासमोर तुझ्या बोर्डात मीटर लावला. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट असायला हवेत, होते ३८. एक्स्टेन्शन बोर्डाला तिसरं भोक होतं, आत त्याला वायरच नव्हती. "इलेक्ट्रिशियनला सांगतो" म्हणालास. सांगितलंस? फेब्रुवारी ते जून, चार महिने. नव्या डिस्का शोधायला मात्र तुला रात्री सव्वाअकरालाही वेळ आहे.

घरचा इन्व्हर्टर आहे, म्हणून यूपीएस घेतला नाहीस. त्या इन्व्हर्टरचा मागचा स्विच बघ, तो ट्यूबलाइट-पंख्यांच्या बाजूला आहे. त्या बाजूला असताना वीज गेली-आली की बदलायला वेळ घेतो, कमी-जास्त दाबही तसाच पुढे सोडतो. यूपीएसच्या बाजूला ठेवला तर लवकर बदलतो आणि दाबाबाबत चिकित्सक होतो. एवढासा स्विच, पाच वेळा वीज गेली आणि तुझ्या डिस्का पाच वेळा लिहिता-लिहिता आपटल्या. साधा ६०० व्हीएचा यूपीएस घेतलास तर आत बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, कागदावर ८४ वॅट-तास. तुझं १४० वॅटचं धूड ती पंधरा-वीस मिनिटं जेमतेम पोसेल. छोटा डबा, राउटर आणि फायबरची पेटी मिळून पंचवीस वॅट झाले तर दीडएक तास निघतो. घेताना मागे यूएसबीचं भोक आहे ना बघ, स्वस्तातल्या पुष्कळांना नसतं. त्या वायरीतूनच सर्व्हरला कळतं की वीज गेली, आता आवरून झोप. आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपणहून सुरू होण्याची सोय चालू कर, नाहीतर तू बंगळूरला मीटिंगमध्ये आणि घरी बायको फोनवर विचारतेय कुठलं बटण दाबू. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते. दिवाळीच्या साफसफाईत कॅलेंडरवर लिहून ठेव.

मग त्या छोट्या डब्यात दोनच डिस्क बसतात, त्याचं काय? बसू देत. एक एसएसडी यंत्रणेला, एक दोन टीबीची फोटो-कागदांना. तुझ्या सातशे जीबीला ती कितीतरी वर्षं पुरेल. सिनेमे एखाद्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर टाक, मेली तर मेली.  आणि दोन छोट्या बाहेरच्या डिस्क घे, एक घरी, तिच्यावर रोज रात्री फोटो-कागदांची प्रत, आणि एक कायम गावी वडिलांच्या कपाटात. गणपतीला जाताना ताजी घेऊन जायची, जुनी परत आणायची, दिवाळीला पुन्हा अदलाबदल. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केला. छायाचित्रकाराने, बरं का! ज्याचे फोटो जातात त्यालाच ते सुचतं. पुढे कधी फोटो खरंच वाढले, तर साडेतीन इंची दोन डिस्क मावतील असा ऑफिसचा छोटा टॉवर घेशील. तो विचार तेव्हा कर. आज नाही.

आता हात आवर आणि नीट वाच. रात्री तू म्हणालास की "जबरदस्तीने ऑनलाइन करून बघू का, नाहीतर पुन्हा इनिशियलाइज करतो." खबरदार! त्या यंत्राचं बटण दाबायचं नाही. वीज आल्या-गेल्याने दोन डिस्क एकाच वेळी बाहेर पडतात, तेव्हा त्यातली एक बहुतेक वेळा मेलेली नसते, नुसती हजेरी चुकलेली असते. माझा संशय तिसरीवर आहे, त्या चोवीसवालीवर. दुसरी जिवंत असेल तर सगळं परत मिळण्याची शक्यता आहे, पण तू कंट्रोलरला चुकीचं 'हो' म्हणालास तर उरलेल्या दोघींवरचंही विस्कटेल. प्लग काढ. पंखे थांबू देत. मग एकेक डिस्क बाहेर काढताना तिच्यावर पांढरी पट्टी चिकटव आणि कुठल्या कप्प्यातून निघाली तो आकडा लिही, डावीकडून शून्य, एक, दोन, तीन. कंट्रोलरचं कार्डही काढून जाड पाकिटात घाल. डिस्का प्रत्येकी वेगळ्या टॉवेलात गुंडाळ, स्कूटरच्या डिकीत टाकू नकोस, रिक्षाने ये.

माझ्याकडे आठ टीबीच्या दोन रिकाम्या डिस्क आहेत. आधी चौघींची डीडीरेस्क्यूने जशीच्या तशी नक्कल उतरवू, आणि जे काही करायचं ते नकलांवर. तिसरीला वेळ लागेल, रात्रभरही लागेल, म्हणून चादर घेऊन ये. बायकोला सांग, जेवण माझ्याकडे आहे.

इलेक्ट्रिशियनला शनिवारी बोलाव. तो गेल्यावर त्या बोर्डात स्वतः मीटर लाव, न्यूट्रल ते अर्थ. तीन वेळा वाचन घे, सकाळी, संध्याकाळी आणि गीझर चालू असताना. कोष्टक आखून आण. रविवारी दहाला ये, दहा म्हणजे दहा. ते धूड आणू नकोस, माझ्या दारात नको मला तो आवाज.